न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

एप्रिल आला की माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागली आहे असं मला उगीचच वाटत राहतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आता या बोटाला लागलीच तर हळद लागते, नाहीतर नातवाच्या रंगपेटीतला एखादा रंग. तरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी बेसिनपाशी उभी राहून ते बोट साबणाने घासते, आणि आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता विचारतात, "सुरू झालं का तुझं?"

म्हैसूरचा एप्रिल लोक मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, गजऱ्यांवरून ओळखतात, बदामी आंब्यावरून ओळखतात, दुपारी चारला भरून येऊन डोंगरामागे नुसताच गडगडून जाणाऱ्या वळवावरून ओळखतात. माझा एप्रिल सुतळीने बांधलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचा आहे. मी एका कॉलेजात पीयूसीला, म्हणजे तुमच्या अकरावी-बारावीला, रसायनशास्त्र शिकवायचे. परीक्षा संपली की गावोगावचे पेपर म्हैसुरात यायचे आणि कुठल्या तरी जुन्या, उंच छताच्या कॉलेजात आमचा तपासणीचा कॅम्प लागायचा. बारा दिवस. दारावर पोलीस, खिडकीबाहेर मोठाली झाडं, कोपऱ्यात मातीचा माठ. शंभर माणसं बसलेली असूनही पानं उलटण्याखेरीज आवाज नाही. पहिली काही वर्षं माझी शाई लाल होती. मग मी टेबलप्रमुख झाले, म्हणजे स्वतःच्या गठ्ठ्याखेरीज टेबलावरच्या इतरांनी तपासलेले पेपरही पुन्हा चाळून बघणारी, आणि माझी शाई हिरवी झाली. त्या हिरव्या शाईचा मला थोडा गर्वही होता, लपवत नाही.

गेल्या आठवड्यात बसमधून जाताना त्याच कॉलेजच्या फाटकावर कापडी फलक दिसला. टिफिनच्या पिशव्या सांभाळत दोघी बाया आत शिरत होत्या. एक दुसरीला काहीतरी सांगत होती आणि दुसरी हसत होती. मला उतरायचं होतं पुढच्या स्टॉपला, आणि मी तीन स्टॉप पुढे गेले.

नसीमा मला कॅम्पातच भेटली. ती दुसऱ्या कॉलेजची, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान, विषय तोच. वर्षाचे बारा दिवस आम्ही शेजारी बसायचो आणि उरलेले दिवस एकमेकींच्या गावात नसल्यासारख्या. घरी जाणं-येणं नाही, सणाला फोन नाही, फार तर एक चंद्राचं चित्र आणि एक पणतीचं. पण एप्रिलच्या पहिल्या सकाळी ती आत येऊन खुर्ची ओढायची आणि गेल्या वर्षीचं वाक्य जिथे सुटलं होतं तिथून पुढे चालू करायची. आमची मैत्री आंब्यासारखी होती, हंगामी, आणि म्हणूनच असेल, कधी विटली नाही.

आम्ही म्हैसूरचे मराठे. आजोबांच्या आजोबांचे कुणी इथल्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणतात. घोडा गेला, तलवार गेली, घरात मराठी तेवढी राहिली, तीही निम्मी कन्नड. नसीमाच्या घरी दखनी उर्दू. कामाचं बोलणं आम्ही कन्नडमध्ये करायचो आणि मनातलं काही आलं की ती तिच्या बोलीत घसरायची, मी माझ्या. तिला माझी समजायची, मला तिची. आमच्या टेबलावरच्या लोकांना मात्र वाटायचं की या दोघी मुद्दाम तिसरीच भाषा बोलतात.

ती काही साधीसुधी बाई नव्हती. अर्ध्या मार्कासाठी वाद घालायची, कुणी उशिरा आलं की घड्याळाकडे बघायची. माझ्या चित्रान्नात, म्हणजे फोडणीच्या भातात, लिंबू जास्त आहे हे दरवर्षी सांगायची आणि डबा चाटूनपुसून परत द्यायची. तिने शामी कबाब आणले की टेबलावरचे शाकाहारी खुर्च्या जरा फिरवून बसायचे आणि ती मला म्हणायची, "खाओ आपा, देखनेवाले उदर देख रैं." दोन-तीन वर्षं रमजान एप्रिलात आला, तेव्हा ती उपाशी पोटी पेपर तपासायची. मी माझा डबा घेऊन व्हरांड्यात गेले तर मला परत बोलवायची. मला भूक लागत नाही, तुम्ही गेलात की मात्र कंटाळा येतो, म्हणायची.

आता त्या पेपरांबद्दल सांगायला हवं. पेपर आमच्या हातात यायचा तेव्हा त्यावर नाव नसे, गाव नसे, खरा नंबरही नसे. एक सांकेतिक आकडा तेवढा. मूल कुणाचं ते कळू नये, फक्त उत्तर दिसावं, अशी सोय. पण मुलंच ती. पहिल्या पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहायचीच. कुणी श्री, कुणी ॐ, कुणी ७८६, कुणी छोटासा क्रूस. ओळख पटेल अशी खूण करायची नाही असा नियम. पण घाबरलेल्या पोराने देवाचं नाव काढलं तर त्याची काय तक्रार करायची, म्हणून आम्ही सगळेच कानाडोळा करायचो.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी नसीमाने ७८६ लिहिलेला एक पेपर माझ्यासमोर सरकवला.

"आपा, ये तुमे देखो."

"का गं? तुझ्या गठ्ठ्यातला ना?"

"अपना बच्चा है बोलको मेरा हाथ ढीला नै होता," ती हळूच म्हणाली. "उल्टा, कंजूस होता. पिछले साल एक बच्चे का आधा मार्क काटी मैं. घर जाको समझा, दुसरे का होता तो नै काटती थी."

मला हसू आलं नाही हे आठवतं. मी माझ्या गठ्ठ्यातला श्री लिहिलेला पेपर काढून तिच्यापुढे ठेवला. माझा हात अशा पेपरांवर सैल सुटत होता का? मी कधी तपासून पाहिलं नव्हतं. तेव्हापासून पुढची सगळी वर्षं ७८६ माझ्याकडे आणि श्री, ॐ तिच्याकडे. नियमात बसत होतं की नाही कोण जाणे. एकाच टेबलावरचे पेपर, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्या पेपरांना मी जगातला सगळ्यात स्वच्छ न्याय दिला असं मला वाटायचं, आणि तिलाही वाटत असणार.

कॅम्पातली पहिली सकाळ ‘स्कीम’ची असायची. स्कीम म्हणजे आदर्श उत्तरांचा तक्ता. कुठल्या प्रश्नाला कुठला शब्द आला की किती मार्क, ते त्यात लिहिलेलं. मुलाने विषय समजून चार ओळी लिहिल्या आणि तो शब्द नसला तर मार्क नाही. न समजता तो शब्द टाकला तर मार्क आहे. वर्षानुवर्षं हे करून नजर अशी तयार होते की वाचणं सुटतं आणि शोधणं उरतं. शब्द सापडला की बरोबरची खूण, पुढचं पान.

आमच्या मैत्रीच्या चौदाव्या वर्षी कॅम्पच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी बातमी आली. उत्तरेतल्या एका शहरात भर बाजारात स्फोट झाला होता. माणसं मेली, त्यात सुट्टीला आजीकडे आलेली लहान मुलं होती. ज्यांनी केलं त्यांनी अल्लाचं नाव घेऊन केलं आणि तसं छाती फुगवून सांगितलंही. आमच्या टेबलावर नागराज सर बसायचे, अतिशय मऊ स्वभावाचा माणूस. त्यांच्या बायकोचा भाऊ नेमका त्या बाजारात होता. जिवंत सापडला, पण एक कान कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पप्रमुखांनी सांगितलं, काम सुरू करण्याआधी हॉलमध्ये दोन मिनिटं उभं राहायचं, मग एक निषेधाचा मजकूर वाचायचा. "वत्सला मॅडम, तुमचं अक्षर चांगलं, तुम्ही लिहा. कुणी वाचायचं तेही बघा."

नसीमा अजून यायची होती. नागराज सरांचे डोळे लाल होते. ते म्हणाले, "नसीमा मॅडमनी वाचलं तर? राग नको मॅडम, पण आमच्या तोंडून शंभरदा आलं तरी काय उपयोग. त्यांच्या तोंडून एकदा आलं तर वेगळं."

टेबलावर कुणालाच यात काही गैर वाटलं नाही, आणि खरं सांगते, मलाही वाटलं नाही. मला तर ती फार चांगली कल्पना वाटली. मला वाटलं, हे वाचलं की फाटकापासून वर्गापर्यंत तिच्यावर पडणाऱ्या नजरा आपोआप खाली जातील. मैत्रिणीची आपण वाट सोपी करतोय. मी कोरा कागद घेतला आणि माझ्या वळणदार कन्नड अक्षरात लिहिलं. मेलेल्यांबद्दल लिहिलं, मुलांबद्दल लिहिलं, आणि मधोमध एक ओळ घातली: ‘मी एक मुस्लिम म्हणून या कृत्याचा निषेध करते आणि शरमेने मान खाली घालते.’ स्कीममधला शब्द घालावा तशी घातली. म्हणजे कुणाला शोधावं लागायला नको.

नसीमा आली. खांद्यावरची पिशवीही न काढता तिने कागद उभ्यानेच वाचला. शेवटपर्यंत वाचून पुन्हा मधल्या ओळीवर आली. मग पर्समधून लाल पेन काढून त्या ओळीभोवती गोल केला आणि समासात लिहिलं: प्रश्नात विचारलेलं नाही.

पोरांनी भलतंच काही लिहिलं की आम्ही हेच लिहायचो. माझ्या लिहिण्यावर इतक्या वर्षांत कुणी लाल शाई चालवली नव्हती.

"बाकी उत्तर बराबर है," ती म्हणाली. "मान खाली घालने का है तो सब मिलको घालेंगे."

हॉलमध्ये मजकूर नागराज सरांनी वाचला. त्यांचा आवाज मुलांच्या ओळीवर फुटला. दोन मिनिटं नसीमा माझ्या शेजारी डोळे मिटून उभी होती, ओठ हलत होते. परत येताना मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बघितलंत? दोन ओळी वाचायला जीभ वळली नाही." मी ऐकलं. नसीमानेही ऐकलं असावं. मागे वळून काही म्हणायला माझी जीभ वळली नाही.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, दोन दिवसांत मिटलं असतं. ती वेळेवर यायची, काम करायची, विचारलं तर उत्तर द्यायची. डबा उघडला की माझ्याकडे सरकवायची नाही एवढंच. आणि ७८६ चे पेपर तिने स्वतः तपासायला सुरुवात केली. टेबलप्रमुख म्हणून तिचा गठ्ठा माझ्याकडे आला तेव्हा मी ते पेपर मुद्दाम शोधले. तीन ठिकाणी अर्धा अर्धा मार्क उगीच कापलेला होता. मी हिरव्या शाईने ते परत दिले. तिने बघितलं, पान उलटलं.

पुढच्या एप्रिलला ती पलीकडच्या खिडकीजवळच्या टेबलावर होती. तिनेच बदलून मागितलं, असं कळलं. माझ्या शेजारी एक नवी मुलगी आली, गोड होती, सारखी फोनकडे बघायची. मी त्या वर्षी पेपर फार भराभर तपासले.

या गोष्टीवर मी एकटीने खूप वाद घातला आहे, कधी तिच्या बाजूने, कधी माझ्या. नागराज सरांचं काय चुकलं होतं? घरातला माणूस अधू झालेला. ज्यांच्या देवाचं नाव घेऊन हे केलं गेलं, त्यांच्यातल्या कुणी एकाने ‘हे आमचं नाही’ म्हणावं असं त्यांना वाटलं. दुःखात माणसाला असं काहीतरी ऐकायचं असतं. ते ऐकून घाव भरत नाही, पण शेजारी बसलेल्या माणसाबद्दल मनात कली शिरत नाही. साध्या माणसांनी बोलायला हवं का? मला अजूनही वाटतं, हवं. गप्प बसलेल्या हजारांच्या आड दहा माणसं फार आरामात लपतात.

पण मग दुसरी मी मला विचारते, त्या हॉलमध्ये शंभर जण होते. त्यातल्या कुणाचं मत बदलायचं होतं? स्फोट चांगला झाला असं म्हणणारा तिथे कोण होता? जिथे सगळेच कबूल आहेत तिथे नसीमाने उठून काय सांगायचं, तर एवढंच, की मी त्यांच्यातली नाही. चौदा वर्षं माझ्या डब्यात जेवलेल्या बाईकडून मी हे लिहून मागितलं. तिचं उत्तर मला माहीत होतं. मला शब्द हवा होता. पेपर तपासणारी माणसं आम्ही, दुसरं काय सुचणार.

हे सगळं इतक्या वर्षांनी उकरून निघायचं कारण मात्र वेगळं आहे.

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्याशा गावची जत्रा. एक म्हातारा मुसलमान कडलेपुरी विकत बसलेला, म्हणजे आपले कुरमुरे आणि फुटाणे. पांढराशुभ्र ढीग, वर पत्र्याचं माप. पाच-सहा जण येतात, इथे तुमचं काय काम, म्हणतात आणि तो ढीग पायाने मातीत लोटतात. म्हातारा पुढे वाकतो. ओंजळीने वरवरचे कुरमुरे गोळा करायला लागतो. मागे उभा राहून एक जण टाळ्या वाजवतो आहे आणि हसतो आहे. तो संतोष. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा, सुमनअक्काचा, मुलगा. व्हिडिओही त्यानेच टाकलेला.

ग्रुपवर हसरे चेहरे पडले. कुणी अंगठा दाखवला. मी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कुठे तो स्फोट आणि कुठे सांडलेले कुरमुरे. दोन्ही एका तागडीत घालण्याएवढी मी खुळी नाही. शिवाय संतोष म्हणजे यांच्या छातीत कळ आली तेव्हा कडकोळच्या कारखान्यातली पाळी टाकून धावत आलेला मुलगा. दर महिन्याला आमचा सिलिंडर तोच वर चढवतो. सुमनअक्काच्या जिवाचा तुकडा, आणि माझ्याही. एका व्हिडिओपायी मी बहीण गमवायची का? मी फोन पालथा ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. त्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

आणि मग तो फाटकावरचा फलक दिसला. तीन स्टॉप पुढे जाऊन मी उतरले, आणि तिथूनच नसीमाला फोन लावला. ती म्हणाली, "आओ ना आपा. हूटगळ्ळी में हैं हम अब."

हूटगळ्ळी म्हणजे शहर जिथे अजून शहर व्हायचं आहे. अर्धी घरं रंगवलेली, अर्धी विटांची, कंपन्यांच्या बस, मोटारसायकलींचा धुरळा. नसीमाचं घर फिकट पिवळं, दारात मल्लिगेचा वेल. केस बरेच पांढरे झाले होते. मी आले म्हणून तिने कबाब केले नव्हते, चहा केला होता. पण दुसऱ्या घोटालाच म्हणाली, "साखर कम हुई क्या?" आणि मला बरं वाटलं.

"इतक्या लांब का आलीस? गल्ली सोडून?" मी विचारलं. तिचं माहेर, सासर, बहीण, सगळं जुन्या वस्तीत, एका हाकेवर.

तिने कप खाली ठेवला. मग सांगितलं. तिच्या बोलीत सांगितलं, मी माझ्या भाषेत लिहिते. त्या स्फोटाच्या संध्याकाळी तिच्या मोठ्या बहिणीच्या मुलाने घरच्यांना एक चित्रफीत पाठवली होती. स्फोट करणाऱ्यांचं कौतुक करणारी, खाली त्याचं स्वतःचं एक शाबासकीचं वाक्य. ती रात्रभर जागी होती. दुसऱ्या दिवशी कॅम्पात आली ती या ओझ्यासकट, आणि मी तिच्या हातात माझा कागद ठेवला.

"दो दिन मैं कुच नै बोली आपा. डर गई थी. मेरी आपा का बच्चा है, मेरे हाथ में बड़ा हुआ." तिसऱ्या दिवशी कॅम्पातून सुटल्यावर ती थेट बहिणीच्या घरी गेली. त्या दिवशी तिथे गल्लीतल्या बायका धर्माचं वाचन ऐकायला जमल्या होत्या. तीस-चाळीस बायकांसमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, "लहान मुलांना मारणारे आपले कुणी नव्हेत. आणि त्यावर टाळ्या वाजवणारा या घरात आहे. तो चुकलो म्हणेपर्यंत मी या घरचं पाणी पिणार नाही." बहीण म्हणाली, "तुझ्या पोटी मुलगा नाही, म्हणून दुसऱ्याच्या मुलावर बोट ठेवतेस." बायकांनी ओढण्या सावरल्या आणि एकेक करून उठल्या.

"ईद का शीरखुर्मा भेजी मैं. डब्बा वैसाच वापस आया. दो साल वैसाच." मग गल्लीत राहणं नको झालं आणि त्यांनी इकडे जागा घेतली.

"आणि तो मुलगा?"

"आया था. पिछले साल." तिने माझ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "इदरीच बैठा. वो बात का एक लफ्ज नै बोला. मिक्सर बिगड़ा था, दुरुस्त करको गया. आपा मेरी नै आई अबतक."

मी विचारलं, "हे तू तेव्हा आम्हाला का नाही सांगितलंस? लोक काय काय बोलत होते."

"कायकू? मार्क लेने कू?" ती पहिल्यांदा हसली. मग हसू गेलं. "पन एक बात है. वो कागज पढ़ना था मैं. वो लाइन छोड़को बाकी का पढ़ना था. नागराज सर के घर का आदमी था वो. मैं मेरे गुस्से में उनका दुख देखीच नै. बाद में फोन करको माफी मांगी." हे मला नागराज सरांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या दुःखाची तेवढी मी साक्षीदार होते.

मला रडू आलं. मी त्या कागदाबद्दल माफी मागितली, तिने हात हलवून ती बाजूला केली. मग मी फोन काढला. मला तिला तो व्हिडिओ दाखवायचा होता. सांगायचं होतं की बघ, आमच्यातही असे आहेत, हा माझा भाचा आहे, मला किती लाज वाटते. तिच्यासमोर बोलून मोकळं व्हायचं होतं.

कुरमुऱ्यांचा ढीग दिसला मात्र, तिने पडद्यावर तळवा ठेवला.

"देखी मैं. सब देखे," ती म्हणाली. "ये मेरेकू कायकू बता रैं आपा? मैं उस बच्चे की खाला नै."

खाला म्हणजे मावशी. तिच्या आवाजात राग नव्हता. टेबलावर पेपर माझ्यापुढे सरकवायची तसंच म्हणाली. निघताना तिने वेलावरच्या कळ्या काढून ओंजळभर माझ्या रुमालात बांधल्या. "तुमारे में खाली हाथ नै भेजते ना," म्हणाली.

सुमनअक्का आमच्याच चामराजपुरमात, दोन गल्ल्या सोडून राहते. मी घरी न जाता तिच्याकडे उतरले. घरी गेले असते तर गेलेच नसते. साडेचार झाले होते, संतोष पहिल्या पाळीहून येऊन पायरीवर बूट काढत होता.

"मौशी, ये की. काय गं, उन्हात कुठं फिरतीस?"

आतून अक्का म्हणाली, "बस स्वल्प, कॉफी टाकते."

बसमध्ये मी वाक्यं जुळवून ठेवली होती, शिक्षिकेसारखी मुद्देसूद. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, "संतू, तो म्हातारा मातीतून कुरमुरे गोळा करत होता आणि तू टाळ्या वाजवत होतास. मला त्याची फार लाज वाटली. तुझी लाज वाटली."

त्याचा चेहरा एकदम लहानपणीचा झाला. "ते सुम्ने, उगं मजा, मौशी. आम्ही काय कुणाला मारलं नाही."

"मारलं नाहीस. त्या माणसाला पुन्हा त्या जत्रेत बसता येईल का ते सांग."

अक्का कॉफीचा पेला हातात घेऊन दारात उभी होती. "त्यांचे लोक बाँब टाकतात, तेव्हा तू कुणाकडे गेलीस गं हे बोलायला?"

"गेले होते अक्का," मी म्हटलं. "चुकीच्या माणसाकडे गेले होते."

तिला ते समजलं नाही आणि मी समजावून सांगितलं नाही. कॉफी तिने खिडकीत ठेवली. संतोषने बूट भिंतीला लावून ठेवले. मी म्हटलं, "त्या म्हाताऱ्याला शोधून काढ. जमलं तर जा त्याच्याकडे. आणि ग्रुपवरून ते काढ, नाहीतर मी तिथेही हेच लिहीन." ते मी त्या संध्याकाळी लिहिलंही. हसऱ्या चेहऱ्यांच्या खाली माझी दोन वाक्यं आहेत, त्यांच्याखाली अजून कुणीच काही लिहिलेलं नाही.

आमच्याकडे घरी आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय जाऊ देत नाहीत. घाई असो, रुसवा असो, उंबऱ्यापाशी थांबायचं, आतून करंडा यायचा. चाळीस वर्षं अक्काच्या घरातून मी कपाळ कोरं घेऊन बाहेर पडलेली नाही. त्या दिवशीही सवयीने थांबले. आत भांडं वाजल्याचा आवाज आला, मग तोही थांबला; करंडा आला नाही. रुमालातल्या कळ्या तोवर अर्ध्या उमलल्या होत्या. मी वाकून चपला घातल्या आणि पायऱ्या उतरले. आमच्या गल्लीपासून हूटगळ्ळी किती लांब आहे, ते मला तेव्हा कळलं.